खाली लिहायचं न्हाय

गणपती उठल्यानंतरचा पहिला रविवार. वेळ सकाळी साडेदहा. हजर माणसं चार, मोबाईल एक, आणि मोबाईलमध्ये कुठल्याशा थंड देशातला एक माणूस गंजलेली कुऱ्हाड घासत होता. त्याचे फक्त हात दिसत होते. पंधरा सेकंद झाले असतील-नसतील, तोच अंबय्याअण्णा मोबाईलवर ओरडले, "आगु, आगु! आरं आधी तेल सोड की! सुकंच घासतंय बेणं!"

आगु म्हणजे थांब. अण्णांची मराठी चांगली आहे, पण घाई झाली की तेलुगू आधी बाहेर पडतं.

"अण्णा," शौकतभाई म्हणाले, "उनो सात समुंदर के पार बैठा है. तुम्हारी आवाज नै जाती उसको."

"आवाज जात न्हाय म्हणून चूक बरुबर हुती व्हय?"

विसाव्या सेकंदाला त्या माणसानं खरोखरच तेलाची बाटली उचलली. अण्णांनी आमच्या तिघांकडं असं पाहिलं, की बघा, जातो का न्हाय आवाज.

अंबय्याअण्णांचं वय अडुसष्ट. चाळीस वर्षं ते यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. माग बिघडला की विणकर हात वर करतो, मग जो पाना घेऊन येतो, आधी शिव्या देतो आणि नंतर माग चालू करून देतो, तो जॉबर. पुढं मालकानं कारखाना बंद केला, माग भंगारात गेले, आणि अण्णांच्याकडं शिव्या देण्यासारखं यंत्र एकही उरलं नाही. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी हैदराबादकडं दिलेली. तिनं बापाला करमावं म्हणून मोबाईल घेऊन दिला. पहिला महिना त्यांनी भजनं ऐकली. दुसरा महिना उजनीकाठच्या पोरांचे, चिखलात रुतलेले उसाचे ट्रॅक्टर बाहेर काढतानाचे व्हिडिओ पाहिले. आणि एके दिवशी आपोआप त्यांच्यासमोर दुरुस्तीचा व्हिडिओ आला. गंजून गोळा झालेली वस्तू घ्यायची, खोलायची, घासायची, परत जोडायची. तोंडानं कुणी काही बोलत नाही, चेहरा दिसत नाही. फक्त हात.

तेव्हापासून अण्णा दुसरं काही पाहत नाहीत.

असे व्हिडिओ आवडणारी आणखी तीन माणसं सोलापूरच्या साखर पेठेत असतील असं त्यांना वाटलं नव्हतं. आम्हालाही आमच्याबद्दल तसंच वाटत होतं. शौकतभाईंचं स्टोव्ह, शेगड्या, मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. दिवसभर दुरुस्ती करून हा माणूस रात्री जेवताना दुरुस्ती बघतो म्हणून त्यांची बायको चिडते. कांबळे सर शाळेत चित्रकला शिकवतात आणि म्हणतात, गंजाखालचा धातू दिसतो तो क्षण चित्रासारखा असतो. मी एका कॉलेजच्या परीक्षा विभागात हेडक्लार्क आहे. दिवसभर इतरांच्या बेरजा तपासतो. या व्हिडिओंमध्ये खोललेला प्रत्येक स्क्रू शेवटी जागेवर जातो, शिल्लक काही उरत नाही, म्हणून मला ते आवडतात. शौकतभाईंच्या दुकानात मिक्सर टाकायला गेलो असताना आम्ही एकमेकांना सापडलो. रविवारी दुकान बंद असतं, पण अर्धं शटर वर करून आत बसता येतं. तिथं आमची बैठक सुरू झाली. नियम असा की प्रत्येकानं एक व्हिडिओ आणायचा, चौघांनी मिळून बघायचा आणि त्यावर बोलायचं.

मोबाईलवरून एकमेकांना पाठवायला अण्णांची सक्त मनाई होती. "पुढं ढकलायचं न्हाय. समोर बसून दाखवायचं. ढकलल्याली गोष्ट आणि दाखवल्याली गोष्ट एक हाय व्हय? लग्नाच्या अक्षता पोस्टानं टाकता का?"

मी वही सुरू केली. अनुक्रमांक, वस्तू, लांबी मिनिट-सेकंदांत, आणणारा, कारागीर, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात अण्णांची मतं लिहायचो. "पॉलिश जास्त, काम कमी." "पाना उलटा धरला." "बरं हाय, पण ह्येला माग दिऊ नका."

कारागीर या रकान्यात आधी मी चॅनलचं नाव लिहीत असे. अण्णांना ती इंग्रजी नावं चालत नसत. ते माणसं हातांवरून ओळखायचे. एकदा पाहिलेला हात ते विसरत नसत आणि प्रत्येक हाताला त्यांनी नाव ठेवलं होतं. जळका अंगठा. ढेकण्या, कारण हातावर तीळ. घाईवाला. नखवाला. रबरी हातमोजे घालून काम करणारा एक होता, त्याच्यावर त्यांचा विशेष राग. "मोजे घालून यंत्राला हात लावणारा आणि छत्री घिऊन आंघुळ करणारा, दोघं भाऊ-भाऊ." एकदा कांबळे सरांनी नवा व्हिडिओ लावला. निराळं चॅनल, निराळी खोली. अण्णा म्हणाले, "ह्यो जळका अंगठाच की. लगीन झालंय वाटतं, अंगठी आली." आम्ही जुना व्हिडिओ काढून ताडून पाहिला. तोच होता.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी अण्णांनी त्यांच्या पाळीला जो व्हिडिओ लावला त्यावर मात्र ते एक अक्षर बोलले नाहीत.

हाताने चालवायची जुनी शिलाई मशीन. लांबी अकरा मिनिटं चाळीस सेकंद. चॅनलला नाव म्हणावं असं नाव नव्हतं, काही इंग्रजी अक्षरं आणि पुढं चार आकडे. मागच्या भिंतीवर गुजराती अक्षरांचं कॅलेंडर अर्धं दिसत होतं. हात वयस्क माणसाचे. उजव्या हाताचं मधलं बोट अर्धंच होतं, दुसऱ्या पेरापाशी संपलेलं. पण काम असं, की शौकतभाईसुद्धा पुढं सरकून बसले. स्क्रू पिळण्याआधी तो माणूस पान्यानं दोनदा हलकेच ठोकत होता, टक टक, आणि मग पिळत होता. मी शेऱ्यात लिहिलं, "दोनदा ठोकतो."

"कारागीर?" मी पेन सरसावून विचारलं. अण्णा मोबाईलकडंच बघत होते. मग मीच सुचवलं, "अर्धबोट्या?"

शौकतभाई हसले. कांबळे सरही हसले. नाव अण्णांच्याच पद्धतीचं होतं, मला ते चांगलं जमल्याचं समाधानही वाटलं होतं. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं नाही. म्हणाले, "त्येला नाव ठिवायचं न्हाय."

"मग रकान्यात काय लिहू?"

"निस्तं 'हे' लिवा."

मी लिहिलं. कारागीर : हे. कांबळे सरांनी वहीत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "अण्णा, बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, तसं चाललंय तुमचं. आता उखाणा तरी घ्या."

"हेडक्लार्क साब, नया कॉलम डालो," शौकतभाई म्हणाले. "उखाना."

अण्णा हसले, पण उशिरा हसले.

पुढच्या रविवारी त्यांनी तोच व्हिडिओ आणला. त्याच्या पुढच्याही रविवारी तोच. पुन्हा पुन्हा एकच व्हिडिओ आणायचा नाही असा आमचा नियम होता, मी तो वाचून दाखवला. अण्णा म्हणाले, "माझी पाळी हाय ना? मग मी माझ्या पाळीत काय बी दाखवीन. ह्येचा आकडा वाढला पायजे साहेब. आकडा न्हाय वाढला तर माणूस कंटाळतो. कंटाळला तर बंद करतो. ह्ये हात बंद पडता कामा न्हायत." त्या चॅनलचे व्हिडिओ फार कुणी पाहत नव्हतं, ही गोष्ट खरी होती. शिलाई मशीन त्यातल्या त्यात जास्त चाललेली, तीही दोनशेच्या घरात.

"मग खाली कॉमेंट टाका," कांबळे सर म्हणाले. "वा, छान, असं दोन शब्द लिहिलं की माणसाला हुरूप येतो."

अण्णांचा चेहरा एकदम जॉबरचा झाला. "खाली लिहायचं न्हाय. कुणीच लिहायचं न्हाय. कारागीर कामावर असताना त्येच्या मागं हुबं राहून बोलायचं नसतंय. हात चुकतो."

"पण तुम्ही तर सगळ्यांवर ओरडता की."

"त्यांना ऐकू जात न्हाय म्हणून वरडतो. लिवलं की जातंय."

या बोलण्यात एक प्रकारचा हिशेब होता, आणि तो मला बिनचूक वाटला होता. एवढं असूनही पुढं मी काय केलं ते सांगायचं आहे.

असे एकवीस रविवार गेले. मार्च संपत आला, दुकानाच्या पत्र्याखाली बसवेना. शौकतभाई जमिनीवर पाणी मारून ठेवायचे. अण्णा आम्हाला मोबाईलसमोर दाटीवाटीनं बसवायचे आणि सगळे नीट बघताहेत ना याची खात्री करून घ्यायचे. शौकतभाई एकदा मध्येच चहा सांगायला उठले, तर अण्णांनी व्हिडिओ थांबवून ठेवला. "बसा. एक कमी पडंल."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. अण्णांची समजूत अशी होती, की समोर चार माणसं बसली की आकडा चारानं वाढतो. म्हणून तर पुढं ढकलणं नको, समोर बसून बघणं हवं.

चुकीची बेरीज दिसली की मला गप्प बसवत नाही. मी शनिवारी रात्री आकडा लिहून घेतला, दोनशे चौदा. रविवारी आम्ही चौघांनी पाहिला. सोमवारी आकडा दोनशे पंधरा. पुढच्या बैठकीत मी हे सर्वांसमोर मांडलं.

"एकच?" अण्णा म्हणाले. "आमी चौघं बसलो हुतो की."

"मोबाईलला डोळे नाहीत अण्णा. त्याला माणसं दिसत नाहीत."

"मंग मोजतंय कशानं?"

"एका मोबाईलचा एकच धरतात. तुम्ही एकवीस रविवारचे चौऱ्याऐंशी धरलेत. पडले फक्त एकवीस. त्रेसष्ट कमी."

कांबळे सर हळूच म्हणाले, "परीक्षा विभागाला गुण कापायला फार आवडतं." मी तेव्हा त्याला विनोद समजलो.

अण्णांनी बोटांवर मोजून पाहिलं. मग म्हणाले, "समद्यांनी आपापलं काढा." आम्ही आपापले मोबाईल काढले. त्यांनी चारही मोबाईल शौकतभाईंच्या कामाच्या फळीवर ओळीनं उभे केले, स्टोव्हच्या टाक्यांना टेकवून. चारीमध्ये शिलाई मशीन लावली. बोटं वर करून म्हणाले, "चालू!" चौघांनी एकदम दाबायचं. पण एकदम कधीच होत नसे. कुणाचं नेट पुढं, कुणाचं मागं. चार कानशी एकमेकींच्या मागोमाग घासायला लागायच्या, चार पाने पुढं-मागं ठोकायचे, टक टक, टक टक. अण्णा हात मागं बांधून त्या ओळीपुढून या टोकापासून त्या टोकाला फिरायचे. एखादा मोबाईल अडकला की झुकून बघायचे. "हे तीन नंबर मार खातंय." शौकतभाई म्हणायचे, "देखो, कारखाना फिर चालू हुआ इनका." आणि खरंच, त्या अकरा मिनिटांत अण्णांची पाठ सरळ असायची.

असे आठ रविवार झाले.

या आठ आठवड्यांत एक गोष्ट मात्र बिघडली होती. 'हे' नवं काही टाकत नव्हते. आधी दोन-तीन आठवड्यांनी एखादा व्हिडिओ यायचा. अडकित्ता, तराजू, कुलूप. आता सात आठवडे काही नाही. अण्णा चौकशी करू लागले. "आजारी असंल का? हात दुखत असतील का? का कंटाळला?" मे महिन्याच्या उन्हात हा माणूस भर दुपारी माझ्या कॉलेजच्या फाटकावर आला, टोपीखाली रुमाल घातलेला. शिपायानं मला बोलावलं. अण्णा म्हणाले, "साहेब, तुमच्या मोबाईलवर बघा. माझ्यावर नवीन यीत नसंल." मी पाहिलं. काही नव्हतं. "बरं," म्हणाले आणि तसेच उन्हात परत गेले.

ती पाठमोरी चाल मला बघवली नाही. इथं माझी चूक सुरू होते. नियम मला माहीत होता. तो अण्णांनी माझ्यासमोर सांगितला होता, मी मान डोलावली होती. पण मी असा विचार केला, की ही जुन्या कारखान्यातली समजूत असावी. कारागिराला दोन चांगले शब्द कळले तर तो उभारी धरेल, नवा व्हिडिओ टाकेल, अण्णांना बरं वाटेल. कुणी लिहिलं हे अण्णांना कळायचंही कारण नाही. जेवणाच्या सुट्टीत मी शिलाई मशीनच्या खाली मजकूर टाकला. माझ्या सवयीनं टाकला, म्हणजे सविस्तर :

"सप्रेम नमस्कार. आम्ही सोलापूर, साखर पेठ येथून आपले व्हिडिओ दर रविवारी सकाळी साडेदहा वाजता पाहतो. पाहणारे एकूण चार. त्यांपैकी श्री. अंबय्या, निवृत्त यंत्रमाग जॉबर, हे आपले विशेष चाहते असून त्यांनी प्रस्तुत व्हिडिओ आजवर एकोणतीस रविवार पाहिला आहे. बराच काळ नवीन व्हिडिओ न आल्याने ते काळजीत आहेत. तरी आपली खुशाली, नाव व गाव कळवावे."

मूळ मजकुरात अण्णांचं आडनावही मी लिहिलं होतं. अर्धवट माहिती देणं मला आवडत नाही.

त्या रविवारी चार मोबाईल ओळीनं लागले. अण्णा "चालू!" म्हणाले. काहीच चालू झालं नाही. चारी पडद्यांवर एकच काळी चौकट आणि एकच ओळ होती, हा व्हिडिओ उपलब्ध नाही.

"नेट का लफडा है," शौकतभाई म्हणाले.

कांबळे सरांनी चॅनल शोधलं. चॅनलच नव्हतं. अडकित्ता, तराजू, कुलूप, सगळं गेलेलं. अण्णांनी मोबाईल बंद करून चालू केला. पुसला. शौकतभाईंचा घेतला, माझा घेतला. "तुमचं पॅक संपलं असंल," ते म्हणाले. चारी मोबाईलचं पॅक एकदम कसं संपेल, हे मी एरवी लगेच विचारलं असतं. त्या दिवशी मी मोबाईल परत घेऊन खिशात घातला. इतर तिघांचे व्हिडिओही त्या दिवशी पाहिले गेले नाहीत.

सोमवार, मंगळवार गेले. बुधवारी संध्याकाळी मी अण्णांच्या खोलीवर गेलो. जिथं त्यांचा कारखाना होता तिथं आता कापडाच्या गाठींचं गोदाम आहे, त्याच्या मागल्या बाजूला एक खोली. अण्णा शेजाऱ्यांच्या टेबलफॅनचं जाळं खोलून बसले होते.

"या साहेब. आलं का त्ये परत?"

"नाही अण्णा. ते बहुतेक माझ्यामुळं गेलं."

मी सगळं सांगितलं. मजकुराची नक्कल माझ्या खिशात होती. ती वाचून दाखवली. अण्णा स्क्रू ड्रायव्हर हातात धरून ऐकत होते.

"माझं नाव घातलंत?"

"घातलं."

"आडनावासकट?"

"हो."

"जॉबर म्हणून बी लिवलं?"

"लिहिलं. अण्णा, माझं चुकलं. तुम्ही सांगितलं होतं."

त्यांनी पंख्याचं जाळं बाजूला ठेवलं. उठून मला पाणी दिलं, मग स्वतः प्याले. ओरडतील असं मला वाटलं होतं, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तम्मुडु हाय माझा," ते म्हणाले.

तम्मुडु म्हणजे धाकटा भाऊ. साखर पेठेत राहून एवढं तेलुगू मलाही कळतं.

"राजेशम. बारा वर्षांनी ल्हान. मीच कामाला लावला, मीच शिकिवला. चालत्या मागात हात घालून तुटका धागा काढायचा. घालायचा नसतोय, पर समदेच घालत्यात. त्या दिवशी मी मागनं बघितलं आणि वरडलो. भ्यालाच त्यो. मान वळिवली. मान हिकडं, हात तिकडं." त्यांनी स्वतःच्या मधल्या बोटाच्या पेराला अंगठा लावला. "मी वरडलो नसतो तर निघाला असता हात. रोज निघायचा."

"मग?"

"मंग काय. दवाखान्यातनं घरी आलाच न्हाय. कुणी म्हणलं भिवंडी, कुणी म्हणलं सुरत. अठ्ठावीस वरसं झाली. आई गेली तवा बी आला न्हाय. त्येला कळवायचं तर कुटं?"

"अण्णा, हे तुम्ही आधी सांगितलं असतं तर..."

"काय सांगू? मला तरी कुटं ठावं हुतं त्योच हाय म्हणून? दोनदा ठोकून पिळायचं ह्ये मीच शिकिवलेलं, पर माझ्या हाताखालनं शंभर पोरं गेली, समदी तशीच ठोकत्यात. आणि बोटाचं म्हणाल, तर सोलापुरात मागावरल्या माणसाची दहाची दहा बोटं असली तर सत्कार करावा लागंल." ते थोडं हसले. "दर रविवारी बघायचो आणि म्हणायचो, हाय का न्हाय, हाय का न्हाय. लिवून इचारावं तर, असला तर पळून जाईल ही भीती. आणि नसला तर... नसला तर रविवारी बघायचं काय?"

मी मान खाली घातली. नाव, आडनाव, धंदा, गाव, पेठ. मी काही म्हणून सोडलं नव्हतं.

बाहेर गोदामात कुणीतरी गाठी उतरवत होतं. अण्णांनी तिकडं पाहिलं. मग माझ्याकडं वळले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मला समजेना असं काहीतरी होतं. रडू नव्हतं.

"पर साहेब, आता कळलं की. दुसरा कुणी असता तर तुमचं वाचून खूश झाला असता. नाव-गाव सांगितलं असतं. माझं नाव वाचून दुकान बंद करणारा माणूस दुनियेत एकच हाय. अजून रागावलाय. रागावलाय म्हंजी हाय."

ज्या गोष्टीची माफी मागायला मी गेलो होतो, तिच्यातून या माणसानं स्वतःसाठी एवढंसं काही काढून घेतलं होतं. त्यानं माझी चूक कमी होत नाही. एका माणसाला भावाचे हात आठवड्यातून एकदा अकरा मिनिटं चाळीस सेकंद पाहायला मिळत होते. ते मी बंद केले.

"एक इचारू का?" अण्णा म्हणाले. "तुमी नीट बघता. बाकीचा हात कसा हुता हो त्येचा?"

"म्हणजे?"

"मी निस्तं त्ये बोटच बघत बसायचो. एकोणतीस रविवार. बाकीचा हात बघितलाच न्हाय."

जगातला कुठलाही हात एका नजरेत ओळखणारा माणूस हे मला विचारत होता. मी डोळे मिटून आठवलं. म्हणालो, "हात थरथरत नव्हते, अण्णा. एकदम स्थिर."

"बरं."

"नखं कापलेली होती. स्वच्छ."

"त्यो पयल्यापासनं नीटनेटका."

"मनगटावरचे केस पांढरे झालेत. डाव्या हाताच्या पाठीवर भाजल्याचा एक जुना डाग आहे, चिंचोक्याएवढा."

"त्ये ल्हानपणचं न्हाय. तिकडचं असंल." अण्णांनी तो डाग स्वतःच्या हातावर बोटानं लावून पाहिला. "अजून?"

"उजव्या मनगटाला लाल दोरा होता. जुना नव्हता. रंग ताजा होता."

"कुणीतरी बांधलाय मग," अण्णा म्हणाले. "आपल्या उजव्या हाताला आपल्याला बांधता येत न्हाय. घरात कुणीतरी हाय." त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले आणि पुढं झुकून बसले. "अजून सांगा की."

मी पुष्कळ आठवून पाहिलं. पाच गोष्टी सांगून झाल्या होत्या. सहावी मला आठवेना.